साखरेचा कणही नसलेले लाडू

धर्मगुरूच्या हातांना तेल लागावे ते बाप्तिस्म्याचे किंवा आजाऱ्यांना लावायचे. स्वयंपाकघरातल्या तेलातुपाशी त्याचा संबंध जेवणाच्या टेबलापलीकडे असू नये, अशीच आमच्या पिढीची घडण झाली. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकवले, ईशज्ञान शिकवले, थोडेफार लॅटिनही शिकवले. भांडी विसळण्याची पाळी असे, बागेला पाणी घालण्याची असे. परंतु कांदा कसा चिरावा हे कोणी शिकवले नाही. त्यामुळे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी धर्मगुरुनिवासाच्या स्वयंपाकघरात बाह्या वर सारून मी लाडू करायला उभा राहिलो, तेव्हा आमच्या स्वयंपाकीणबाईंनी दारातूनच क्रूसाची खूण केली. ती माझ्यासाठी होती की त्यांच्या मिक्सरसाठी, हे मी विचारले नाही.

त्या लाडवांची ही हकिकत आहे. तिचा पहिला भाग मी अनेकांना हसत सांगितला आहे. दुसरा भाग आमच्या धर्मग्रामाला ठाऊक आहे. कागदावर मात्र तो प्रथमच उतरतो आहे.

२०२३ च्या नाताळात माझी पुतणी ऑस्ट्रेलियाहून घरी आली. नाताळच्या दुपारी आईने तिच्यापुढे फराळाचे ताट ठेवले, तशी तिने एकेका पदार्थाची चौकशी आरंभली. नेवरीत तूप आहे का? कुलकुलांत अंडे आहे का? केकचा तर प्रश्नच नव्हता. ती म्हणाली, "आजी, मी व्हीगन आहे." मांस, मासळी, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप आणि मधसुद्धा नाही. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी घडवला, हेही तिनेच मला सांगितले. बाप्तिस्मा करणारा योहान अरण्यात टोळ आणि रानमध खाऊन राहिला. तो या मंडळींच्या पंगतीत दोन्ही पदार्थांमुळे बाद झाला असता, असे मी तिला म्हटले. तिने ते फारसे मनावर घेतले नाही.

आईने मात्र सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे बारा महिने प्रायश्चित्तकाळच की गं?"

आईचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतचे. परंतु हा शेरा तिच्या कल्पनेपेक्षा इतिहासाला धरून होता. आज आपला प्रायश्चित्तकाळ राखेचा बुधवार, शुभ शुक्रवार आणि इतर शुक्रवारचे मांसवर्जन एवढ्यावर येऊन थांबला आहे. मध्ययुगात पश्चिमेकडील ख्रिस्तसभेतही त्या चाळीस दिवसांत मांसाबरोबर दूध, लोणी आणि अंडी वर्ज्य असत. फ्रान्समधील रूआँ शहराच्या कॅथेड्रलचा एक मनोरा 'लोण्याचा मनोरा' म्हणून प्रसिद्ध आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे बांधकाम सुरू झाले, आणि उपवासात लोणी खाण्याची सूट मिळवण्यासाठी भाविकांनी दिलेल्या पैशांतून तो उभा राहिला असे सांगतात. लोण्यावाचून ज्यांचे अडले त्यांनी एवढा उंच मनोरा बांधून दिला! पूर्वेकडील ख्रिस्तसभांनी जुना नियम सोडलेला नाही. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बांधव आजही उपवासाच्या दिवसांत प्राणिजन्य असे काहीही खात नाहीत, आणि त्यांच्या पंचांगात असे दिवस पुष्कळ असतात.

असो. त्या संध्याकाळी पुतणीने स्वतःचा फराळ स्वतःच केला. खजूर, बदाम आणि शेंगदाणे तिने मिक्सरमध्ये फिरवले, हातावर गोळे वळले आणि तिळात घोळले. चूल पेटली नाही, पाक झाला नाही, तुपाचा डबा उघडला नाही. पंधरा मिनिटांत ताटभर गोळे तयार झाले. "याला एनर्जी बॉल म्हणतात, फादरकाका," ती म्हणाली. आईने एक गोळा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि निकाल दिला, "हा तर खजुराचा लाडू." मग ती उठली, फडताळातून सोपटाची एक पुडी काढून आणली आणि नातीच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "यात हे घाल."

पुडीत सुकेळी होती.

वसईच्या वाडीत वाढलेल्या माझ्या पिढीला सुकामेवा म्हटले की आधी बदाम-पिस्ते आठवत नाहीत, सुकेळी आठवतात. त्यासाठी राजेळी जातीचीच केळी लागत. घड उतरवला की भाताच्या पेंढ्यात झाकून पिकवायचा. फळ पुरते पिकले की सोलायचे आणि मांडवावर एकेक केळे सुटे मांडायचे. सूर्य वर आला की मांडायचे, उन्हे कलली की गोळा करून झाकून ठेवायचे, रात्रीचे दव लागू द्यायचे नाही. असे सात-आठ दिवस चाले. केळ्याच्या गराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. त्यातले बहुतेक पाणी ऊन हळूहळू पिऊन टाकते आणि मागे उरतो तो मधाच्या रंगाचा, चिवट, बोटांना सोडता न सोडणारा गर. तो वाळलेल्या सोपटात गुंडाळून बांधला की महिनोन्महिने टिके. माझे वडील ही सुकेळी करीत. त्या आठवड्यात ते घरातल्या कोणाशी फारसे बोलत नसत. त्यांचे सगळे बोलणे आकाशाशी चाले. पश्चिमेला ढगाचा एवढासा तुकडा दिसला तरी आम्हां मुलांना शाळेच्या वाटेवरून परत बोलावले जाई, कारण मांडव आवरायला घरातला प्रत्येक हात लागे.

मी सेमिनरीत असताना भेटीच्या रविवारी वडील येत, तेव्हा त्यांच्या पिशवीत सुकेळीची पुडी असे. आम्ही दोघे बाकावर बसत असू. ते विचारत, "बरं आहे ना?" मी म्हणे, "बरं आहे." मग पुडी माझ्या हाती देऊन ते गाडीची वेळ पाहत. माझ्या दीक्षेनंतर चार वर्षांनी ते गेले. मांडव त्यानंतर एकदाच बांधला गेला. आता आमच्या परिसरात सुकेळी करणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, विहिरींचे पाणी मचूळ झाले, आणि आठवडाभर आकाशाकडे पाहत बसण्याइतका वेळही कोणापाशी उरला नाही. आईने फडताळात जपून ठेवलेली ती पुडी तिने शेजारच्या गावातून मागवली होती.

पुतणी परत गेली, परंतु लाडू माझ्या डोक्यात राहिला. त्याला एक स्वार्थी कारणही होते. घरभेटीला निघालो की प्रत्येक घरी चहा आणि बिस्किटे. चौथ्या घरी पोट भरलेले, आणि तरीही संध्याकाळच्या मिस्सेपूर्वी हातापायांतले बळ गेल्यासारखे वाटे. खिशात एखादा लाडू असला तर बिस्किटांना नकार देता येईल, असा माझा हिशेब होता.

पहिला प्रयोग फसला. खजूर कडक होता म्हणून मी तो गरम पाण्यात भिजवला. लाडू सुरेख वळले गेले आणि काही दिवसांतच त्यांच्यावर पांढरी लव दिसू लागली. त्यातून एक गोष्ट शिकलो. सुकवलेल्या फळात साखर इतकी दाट असते की बुरशीला लागणारे पाणी तिला मिळत नाही. आपण त्यात पाणी ओतले की सुकवण्याचे सगळे श्रम आपणच पुसून टाकतो. दुसऱ्या प्रयोगात खजुरातली एक बी राहून गेली आणि मिक्सरचे पाते वाकले. तिसऱ्या वेळी बदाम इतके फिरवले की त्यांचे तेल सुटून लगदा झाला. चौथ्या वेळी स्वयंपाकीणबाईंनी मिक्सर उचलून आपल्या ताब्यात घेतला आणि पाटा-वरवंटा माझ्यापुढे सरकवला. तिथून लाडू सुधारले.

ज्यांना करून पाहायचे असतील त्यांच्यासाठी प्रमाण देतो. बी काढलेला मऊ काळा खजूर २५० ग्रॅम, सुकेळी १०० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, भट्टीवरचे भाजलेले, बिनमिठाचे शेंगदाणे १०० ग्रॅम आणि तीळ ५० ग्रॅम. सुकेळी न मिळाल्यास तेवढेच सुके अंजीर किंवा मनुका घ्याव्यात. शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळवंडलेले आणि कडू दाणे निर्दयपणे टाकून द्यावेत. दाण्यावरच्या बुरशीत यकृताला घातक असे विष असू शकते आणि भाजल्याने ते पुरते जात नाही. बदाम व दाणे जाडसर कुटावेत, पीठ करू नये. दाताखाली काही आले पाहिजे. खजूर आणि सुकेळी सुरीने बारीक चिरून पाट्यावर ठेचावीत. मग निम्मे तीळ, चिमूटभर सुंठ आणि अगदी किंचित मीठ घालून सारे परातीत एकत्र मळावे. सुरुवातीला वाटते की हे कधीच एकजीव होणार नाही. पाच-सात मिनिटे तळहाताच्या उबेने मळत राहिले की दाण्यांचे तेल सुटते, खजूर सैल पडतो आणि गोळा परात सोडू लागतो. तुपाची गरज का नाही, ते त्या क्षणी हातालाच कळते. सुपारीहून थोडे मोठे असे २४ लाडू होतात. उरलेल्या तिळात घोळून स्टीलच्या कोरड्या डब्यात ठेवावेत. दोन आठवडे सहज टिकतात. ज्यांना दाण्यांचे किंवा तिळाचे वावडे असेल त्यांनी यांच्या वाटेला जाऊ नये, आणि अगदी लहान मुलांच्या हातीही ते देऊ नयेत.

२०२४ साली राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला आला. महिला मंडळापुढे दरवर्षीचाच प्रश्न होता: प्रायश्चित्तकाळातील दानासाठी निधी कसा जमवायचा? केक विकणे या काळात शोभत नाही. मी माझा डबा सभेत फिरवला. दोन दिवसांत बारा-बारा लाडवांची पाकिटे तयार झाली, आणि १८ फेब्रुवारीच्या रविवारी मी प्रवचनात त्यांची शिफारस केली.

ते प्रवचन मला आजही जवळजवळ तोंडपाठ आहे. शुभवर्तमान अरण्यातील चाळीस दिवसांचे होते. मी उपवासाविषयी बोललो, आणि मग मला स्वतःलाच फार आवडलेला एक दृष्टांत दिला. पहिल्या शमुवेलाच्या तिसाव्या अध्यायात दावीद अमालेकी लुटारूंच्या पाठलागावर असतो. वाटेत त्याच्या माणसांना रानात पडलेला एक मिसरी तरुण सापडतो. तो आजारी पडला म्हणून त्याच्या धन्याने त्याला तिथेच टाकून दिलेले असते. तीन दिवस आणि तीन रात्री त्याच्या पोटात अन्न नाही की पाणी नाही. ते त्याला भाकर आणि पाणी देतात, अंजिरांच्या ढेपेचा तुकडा देतात, मनुकांचे दोन घड देतात. ते खाताच त्याच्या जिवात जीव येतो, आणि पुढे तोच दाविदाला लुटारूंपर्यंत घेऊन जातो. अंजिराची ढेप म्हणजे सुकवून, दाबून केलेली वडी. तिलाही चूल लागत नाही, तूप लागत नाही. "तीन हजार वर्षांपूर्वीचा हा आमचा लाडूच नव्हे काय?" मी म्हणालो. लोक हसले, त्यामुळे मला चेव आला. "आणि बंधुभगिनींनो, यात साखरेचा कणही नाही! ज्यांना साखर वर्ज्य आहे त्यांनीही निःशंकपणे घ्यावा."

शेवटचे वाक्य माझ्या टिपणात नव्हते.

पाकिटे दुपारपर्यंत संपली. पुढच्या रविवारी दुप्पट केली, तीही संपली. कोषाध्यक्षबाई आनंदात होत्या. तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका मावशींनी तर आठ पाकिटे नेली होती, आणि त्यांच्या उदारपणाचे मंडळात कौतुक झाले. मावशी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. सकाळच्या मिस्सेला त्या कधी चुकत नसत.

७ मार्चच्या सकाळी त्यांची जागा रिकामी दिसली. मिस्सा संपवून मी वस्त्रे उतरवीत होतो, तोच त्यांचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. पहाटे आई हाक मारूनही नीट जागी होईना, तोंडाला कोरड पडलेली, बोलणे असंबद्ध. तिला इस्पितळात नेले होते. रक्तातील साखर पाचशेच्या पुढे गेली होती. "फादर, तेल घेऊन या," एवढेच तो म्हणाला. स्कूटरवर मी त्याच्या मागे बसलो. वाटेत तो एकदाच बोलला. मान न वळवता त्याने विचारले, "त्या लाडवांत नक्की काय होतं?"

मी म्हणालो, "खजूर, सुकेळी, बदाम, दाणे, तीळ." रस्त्याच्या आवाजात माझे शब्द मलाच चमत्कारिक वाटले. त्यात एकही खोटा नव्हता.

आजाऱ्यांचा अभ्यंग झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बोलावले. त्या आपल्या धर्माच्या नाहीत, त्यामुळे माझी भीड बाळगण्याचे त्यांना कारण नव्हते. एका लाडवात किती खजूर जातो, असे त्यांनी विचारले. मी प्रमाण सांगितले. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे हिशेब मांडला. खजुराच्या वजनाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग साखरच असतो. सुकेळीतले पाणी गेले, साखर कुठे गेली? तिथेच राहिली. म्हणजे प्रत्येक लाडवात चहाच्या चमच्याने सुमारे दोन चमचे साखर आणि सगळे मिळून शंभरएक कॅलरी. "तुम्ही साखर घातली नाहीत हे खरं," त्या म्हणाल्या. "ती आधीच होती. शिवाय तुमच्या पेशंट उपवास म्हणून रात्रीची भाकरी सोडून पाच-सहा लाडू खात होत्या. दिवसाला दहा-बारा चमचे."

मग त्यांनी कागद दुमडला आणि विचारले, "या बाई अठरा वर्षं बिनसाखरेचा चहा पितात, हे तुम्हांला माहीत आहे ना?"

मला माहीत होते. मावशींच्या घरी मी कितीतरी वेळा चहा घेतला होता. माझ्या कपात साखर असे, त्यांच्या कपात नसे, आणि त्यावर आम्ही थट्टाही केली होती.

डॉक्टरीणबाईंनी सगळा दोष लाडवांवर टाकला नाही, हे त्यांच्या न्यायबुद्धीला धरून सांगायला हवे. मावशींच्या डाव्या पायाच्या करंगळीला चप्पल चावून जखम झाली होती. ती त्यांनी कोणाला दाखवली नव्हती, आणि आत पू धरला होता. अशा जखमेने साखर चढते आणि चढलेल्या साखरेने जखम चिघळते. त्यात लाडवांचा वाटा किती आणि जखमेचा किती, हे वेगळे काढता येणार नाही, असे त्या म्हणाल्या. चौथ्या दिवशी ती करंगळी काढावी लागली. मावशी वाचल्या.

ते तीन-चार दिवस मी नीट झोपलो नाही. आम्ही मंडळी शब्दांवर जगतो. भाविकांना डॉक्टरांचे सांगणे पटवून द्यावे लागते. आमचे मात्र ते न पडताळता घेतात, आणि या सवयीचा आम्हांला मोह पडतो. त्या दृष्टांताचे तर मला राहून राहून नवल वाटे. वेदीवरून मी तो संपूर्ण सांगितला होता. तीन दिवस आणि तीन रात्री पोटात अन्न नाही की पाणी नाही, हे शब्द मी चांगले जोर देऊन उच्चारले होते, आणि तरीही ते माझ्याच कानांत शिरले नव्हते. अंजिराची ढेप मिळाली ती रानात उपाशी पडलेल्याला. मी ती वाटली भरल्या घरांत.

१० मार्चचा रविवार हा प्रायश्चित्तकाळातला आनंदाचा रविवार होता. वर्षातून दोनदाच घालायची गुलाबी वस्त्रे अंगावर होती; क्षमायाचनेला याहून गैरसोयीचा पोशाख दुसरा नसेल. मी प्रवचन केले नाही. डॉक्टरीणबाईंनी मांडलेला हिशेब वाचून दाखवला, माझे ते वाक्य चुकीचे होते असे सांगितले, आणि ज्यांच्या घरी मधुमेही असतील त्यांनी उरलेली पाकिटे परत करावीत, पैसे मिळतील, अशी विनंती केली. चौदा पाकिटे परत आली. मिस्सेनंतर काही ज्येष्ठांनी मला समजावले की एवढे जाहीर बोलण्याची गरज नव्हती, धर्मगुरूंचा मान राहायला हवा. महिला मंडळही काही दिवस माझ्यावर नाराज होते, आणि त्यांची नाराजी मला रास्त वाटली. राबल्या त्या होत्या. पुढच्या पाकिटांवर मी स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या लिहिल्या: 'वरून साखर घातलेली नाही, परंतु प्रत्येक लाडवात फळांची सुमारे दोन चमचे साखर आहे. मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारून घ्यावा. यात शेंगदाणे, बदाम व तीळ आहेत.' चिठ्ठी लाडवाहून मोठी झाली, असे स्वयंपाकीणबाई म्हणाल्या.

मावशींचा मुलगा माझ्याशी नीट वागला. परंतु ईस्टरपर्यंत तो मिस्सेनंतर थांबत नसे, आणि मीही त्याला थांबवले नाही.

एप्रिलमध्ये मी मावशींकडे गेलो. त्या ओटीवर खुर्चीत बसल्या होत्या, पाय पाटावर ठेवलेला, त्याला पट्टी. मी जे बोलायचे ठरवून गेलो होतो त्यातले अर्धेच बोललो असेन. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"फादर, गोड लागलं तेव्हाच मला समजायला नको का? जीभ काय तुमची होती?" त्या म्हणाल्या. "अठरा वर्षांनी कुणीतरी खा म्हटलं. मी कशाला विचारत बसते!"

मग त्या आपल्या तरुणपणाविषयी बोलू लागल्या. चाळीस वर्षे त्या पहिल्या लोकलने दादरला फुले घेऊन गेल्या. रात्री दोनला उठायचे, कळ्या ओल्या फडक्यात बांधायच्या, करंडी डोक्यावर घेऊन स्टेशन गाठायचे. कनवटीला सुकेळीची पुडी असे. गाडीत एक, बाजारात एक, परतीच्या वाटेवर एक. दुपारी घरी येऊन वाडीला पाणी. "तेव्हाही गोडच खात होते मी," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा खाल्लेलं सगळं चालण्यात जायचं. आता मी खुर्चीतून खाटेवर जाते आणि खाटेवरून खुर्चीत." आत स्वयंपाकघरात त्यांची सून होती. फुलांची करंडी आता तिच्याकडे आली आहे. पहाटे ती कोऱ्या चहावर निघते आणि बारा वाजेपर्यंत तिच्या पोटात काही नसते, अशी तक्रार मावशींनी तिला ऐकू जाईल अशा आवाजात केली. आणि मग मला म्हणाल्या, "तुमचे लाडू बंद करू नका. हिला द्या. माझ्या वाटणीचे हिला द्या."

तेव्हापासून शनिवारी दुपारी मी पाट्यासमोर बसतो. सुकेळी मिळाली तर सुकेळीचे, नाहीतर अंजिराचे. पहिल्या दोन गाड्या पकडणाऱ्या बायकांसाठी महिला मंडळ छोट्या डब्या भरून ठेवते. आता त्या अकराजणी झाल्या आहेत. मावशींच्या घरची डबी मी स्वतः नेऊन देतो. त्यांची साखर आता ताब्यात असते, आणि काठी घेऊन त्या तिसऱ्या बाकापर्यंत येतात. डबी दिली की त्या झाकण उघडून माझ्यादेखत लाडू मोजतात, सुनेला हाक मारून आकडा सांगतात, आणि रविवारी रात्री सून दुसऱ्या दिवसाची डबी भरते तेव्हा पुन्हा मोजतात. झाकण लावताना बोटाला चिकटलेला एखादा तीळ मात्र त्या हळूच जिभेवर ठेवतात. मी त्या वेळी वाडीकडे पाहत असतो.